हरकतकाकांनी सरकवलेला पेला

शूटिंग संपत आलं होतं, आणि हरकतकाकांनी एका उशीवरून सगळ्या युनिटला वेठीला धरलं होतं.

"काल या उशीला मधोमध खळगा होता," कोचासमोर उकिडवे बसून ते म्हणाले. "आज उशी टम्म फुगलेली आहे. मधल्या वेळात हिला हात कोणी लावला?"

भाड्याने घेतलेल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जो जिथे होता तिथेच थबकला.

"काका, उशीच आहे ती," शेवटी कॅमेरामन म्हणाला. "फुगते कधी कधी."

"आपोआप काही फुगत नाही, डॉक्टर. आणि आपोआप काही फुटतही नाही. माझी उभी नोकरी हेच सिद्ध करण्यात गेली."

दिग्दर्शिका खिडकीपाशी उभी होती आणि समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांत फार रस असल्यासारखं दाखवत होती. उशी तिनेच झटकली होती. सकाळी आल्या आल्या, नकळत, हाताला सवय म्हणून. ही सवय तिला लहानपणी ओरडून ओरडून ज्यांनी लावली, तेच गृहस्थ आता गुडघ्यावर हात टेकून गुन्हेगार शोधत होते.

हरकतकाका तिचे वडील होते. युनिटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नसल्यासारखं सगळे वागत, कारण बापलेकींचं तसं ठरलं होतं. कामावर नातं नको. घराचा उंबरा ओलांडला की ते तिला 'डायरेक्टरसाहेब' म्हणत, तेही 'अहो' लावून. ती त्यांना काहीच म्हणत नसे. बाकीच्यांसारखं 'काका' तोंडातून निघेना, आणि दुसरं काही म्हणायचं नाही असं ठरलेलं. म्हणून ती वाक्यंच अशी बेतायची की हाक मारायची वेळ येऊ नये.

खरं सांगायचं तर या सिनेमात सिनेमाचा माणूस असा कोणी नव्हताच. ज्यांना सिनेमा येत होता ते परवडत नव्हते, आणि जे परवडत होते त्यांना भलतंच काहीतरी येत होतं.

कॅमेरामन इस्पितळात एक्स-रे काढायचा. फोटोग्राफीचा नाद होता, पण हाडांत गेलेली वर्षं काही अंगातून जात नव्हती. चेहरा कितीही देखणा असो, तो म्हणायचा, "जबड्याचं हाड छान आहे." शॉट सुरू होण्याआधी पुटपुटायचा, "श्वास घ्या... रोखा," आणि संपला की, "सोडा." पहिल्या आठवड्यात सिनेमाची नायिका त्याच्या तालात अख्खा संवाद श्वास रोखूनच म्हणाली, आणि शेवटच्या वाक्याला तिला खुर्ची द्यावी लागली. युनिटमध्ये त्याला डॉक्टर म्हणत. चहाच्या वेळी लोक त्याला आपापली कंबर दाखवत, आणि तो ती मन लावून बघे.

आवाजाचं काम एका माजी ग्रंथपालबाईंकडे होतं. ग्रंथालय बंद पडलं. बाईंचा दरारा बंद पडला नाही. त्यांना सगळे शूबाई म्हणत, तेही त्यांच्या पाठीमागे आणि हळू आवाजात. कान असा की शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी बिस्किटाचा पुडा उघडला तर त्या हेडफोन काढून भिंतीकडे रागाने बघत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "अ‍ॅक्शन, कट, असलं ओरडणं माझ्या खोलीत चालणार नाही. ज्यांना ओरडायचं असेल त्यांनी जिन्यात जावं."

मग सगळा कारभार हातवाऱ्यांवर आला. हात वर गेला की शॉट सुरू. हात खाली आला की शॉट बंद. दिग्दर्शिकेला हे मनापासून आवडलं. ती आधी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. आयुष्यभर समासात पेन्सिलीने खुणा करून जगाला सुधारत आलेल्या बाईला हात वर-खाली करणं म्हणजे बढतीच वाटली.

संकलक शिंपी होता, म्हणजे दुकानात कापड कापणारा मास्तर. दुकान मुलाच्या हाती देऊन तो कॉम्प्युटरवर बसला होता, पण बोलणं तेच. "बाई, प्रत्येक शॉट थोडा जास्तीचा घेत जा," तो बजावायचा. "शिवणीत माया ठेवा. मागाहून उसवायची वेळ आली तर कापड पुरायला हवं."

आणि हरकतकाका विमा कंपनीत सर्वेअर होते. मोडलेल्या मोटारी, जळालेली गोदामं, ओलं झालेलं सामान बघायचं आणि यातलं खरं किती, आधीचं किती, ते ठरवायचं. निवृत्त झाल्यावर हे सगळं कौशल्य घरावर उलटलं. आईने एकदा कपबशी फोडली तर तिचा जबाब झाला. मग एके दिवशी ते लेकीचा विसरलेला चष्मा द्यायला शूटिंगवर आले. कंटिन्युइटी बघणारी मुलगी त्याच सकाळी दुसरीकडे चांगलं काम मिळाल्यामुळे निघून गेली होती. कंटिन्युइटी म्हणजे, एकाच प्रसंगाचे तुकडे निरनिराळ्या दिवशी घेतले तरी पडद्यावर ते एकसलग दिसावेत, काल डाव्या हातातला पेला आज उजव्या हातात जाऊ नये, याची राखण. चष्मा देऊन जाता जाता ते म्हणाले, "त्या बाईच्या स्वेटरची वरची गुंडी मघाशी लावलेली होती." आणि ते गेलेच नाहीत.

त्यांचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. टेबलावरच्या एका ओरखड्यावरून त्यांनी अर्धा दिवस काम अडवलं होतं. प्रत्येकाला बोलावून विचारपूस केली, अंगठ्या तपासल्या, नायिकेची नखं पाहिली. शेवटी शूबाईंनी त्यांच्याच किल्ल्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवलं. ते जुडगं ते रोज सकाळी त्याच जागी आपटत होते. काका जुडगं खिशात टाकत म्हणाले, "दावा निकाली."

दर शॉटनंतर एक फेरी व्हायची. या सेटवर मोठ्याने बोलायला परवानगी असलेली ती एकच वेळ. दिग्दर्शिका क्रमाने विचारी, "कॅमेरा?" डॉक्टर म्हणे, "ओके." "आवाज?" शूबाई म्हणत, "ओके." "कंटिन्युइटी?"

काका म्हणत, "हरकत आहे." किंवा फारच झालं तर, "तूर्तास हरकत नाही." ओके असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

"काका, एकदा तरी ओके म्हणा की," डॉक्टर चिडवायचा.

"अहो, आमच्यात ओके म्हटलं की कंपनी बुडते."

फेरीच्या शेवटी दिग्दर्शिका निकाल द्यायची: 'शॉट ओके', किंवा 'परत'. निकाल मिळाल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

तर त्या दिवशी उशीचा तपास अनिर्णित ठेवून सगळे मुख्य शॉटकडे वळले. सिनेमाचा सगळा डोलारा या एका शॉटवर उभा होता. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच घरात एकटी पडलेली बाई टेबलाशी येऊन बसते. बोलत नाही. पाण्याचा पेला समोर असतो. बस, एवढंच. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, भरघोस मिशीवाला. फोटोतला माणूस डॉक्टरचा मामा. मामा ठणठणीत होता, आणि आपण सिनेमात वारलो आहोत हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

नायिका या युनिटमधली एकटीच खरी व्यावसायिक, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यात घाबरलेली. दोनदा प्रयत्न झाला होता, पण रडं येत होतं ते रंगभूमीवरचं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं.

तिसऱ्या वेळी ती टेबलाशी जाऊन बसली आणि काही क्षण नुसतीच पेल्याकडे बघत राहिली. आता तिला काहीतरी सापडतंय असं दिग्दर्शिकेला वाटलं. हात वर करायची तिने घाई केली नाही.

नेमका त्याच वेळी दाराच्या पलीकडून हरकतकाकांनी हात वर केला. त्यांना हरकत होती.

डॉक्टरचा डोळा कॅमेऱ्यात. कडेने त्याला हात दिसला. कोणाचा, हे बघायचं त्याला कारण नव्हतं. "रोखा," तो पुटपुटला आणि कॅमेरा सुरू केला. कॅमेऱ्याचा लाल दिवा बघून शूबाईंनी आवाज सुरू केला. शूबाईंनी मान हलवलेली बघून नायिकेने मान खाली घातली. हात वर करूनही आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही हे पाहून काकांनी सर्वेअर करतो तेच केलं. ते स्वतः जागेवर गेले.

टेबलापाशी आले. वाकले. गुडघा कडकन वाजला. एक डोळा मिटून त्यांनी पेल्याकडे निरखून पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या उजव्या अंगाचा पेला डाव्या अंगाला ठेवला. मग त्यांचं लक्ष नायिकेकडे गेलं. ती रडत होती. आवाज नाही, चेहरा वेडावाकडा नाही, नुसतं पाणी. काका घुटमळले. काय करावं त्यांना समजेना. खुर्चीवरून तिची शाल घसरली होती, ती उचलून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नीट टाकली, आणि वळले तेव्हा त्यांना लाल दिवा दिसला.

दिग्दर्शिका पडद्याआडून हे सगळं बघत होती. शॉट थांबवायचा तर हात खाली घ्यायला हवा. पण तिचा हात वर गेलाच नव्हता, तर खाली काय घेणार?

काका चवड्यांवर, पाय मोजून टाकल्यासारखे, हळूहळू चाललं म्हणजे दिसणार नाही अशा खात्रीने बाहेर निघाले. नायिकेने मान वर केली नाही. काकांनी जिथे ठेवला होता तिथे हात नेऊन तिने पेला दोन्ही हातांत धरला, आणि प्यायली नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टर स्वतःहूनच म्हणाला, "सोडा."

"कॅमेरा?" तिने विचारलं.

"ओके. म्हणजे... ओके. हाडापर्यंत गेलं."

"आवाज?"

"काकांचा गुडघा आलाय," शूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि ते कोणी पाहू नये म्हणून त्या वायर गुंडाळत होत्या. "बाकी ओके."

"कंटिन्युइटी?"

काका दारात उभे. शाळेत कोंबडा केलेल्या पोरासारखे. "हरकत आहे," ते म्हणाले. "एक अनोळखी इसम मधोमध आला."

हॉलमध्ये एकदम हशा पिकला. नायिका डोळे पुसत पुसत हसली. मग सगळे निकालासाठी दिग्दर्शिकेकडे बघायला लागले.

तिने घड्याळ बघितलं, खिडकीतला उतरता उजेड बघितला, आणि म्हणाली, "उद्या बघू."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "घालवला ना मी, डायरेक्टरसाहेब?"

"उद्या परत घेऊ."

"परत तशी रडेल ती?"

"बघू ना."

"नाही रडायची," ते म्हणाले आणि बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

घराचं दार उघडलं, त्यांनी आत पाऊल टाकलं आणि साहेबी संपली. "अगं, चपला सरळ ठेव की जरा! इथे एक, तिथे एक. कोणी अडखळलं म्हणजे?"

तिने ठेवल्या. त्या त्यांनी पुन्हा थोड्या सरळ केल्या.

सकाळी आई चहाचा कप हातात घेऊन तिच्या खोलीच्या दारात आली. कप भरलेला होता. "हे उठत नाहीयेत," आई म्हणाली. ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की पहिल्यांदा मुलीला वाटलं, आई नेहमीसारखी तक्रारच करते आहे.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. माणसं आली, बसली, गेली. डॉक्टरने एक कोपरा धरला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो धीर देत होता. लोकांनी त्याला खराच डॉक्टर समजून शेवटची लक्षणं विचारली, आणि त्याने ती गंभीरपणे सांगितली. शूबाई आल्या तेव्हा घर आपोआप शांत झालं.

जेव्हा तिला पुन्हा सिनेमाची आठवण झाली, किंवा करून द्यावी लागली, तेव्हा फ्लॅट मालकाच्या ताब्यात गेला होता आणि भिंतींना पोपटी रंग लागला होता. नायिकेने दुसऱ्या कामासाठी केस अगदी बारीक कापून टाकले होते. शॉट परत घेता येणार नव्हता. कामाचा होता तो एकच, आणि त्याच्या मधोमध तिचे वडील उभे होते.

ठेवावं तर सिनेमाची काशी. एकट्या बाईच्या घरात परका माणूस शिरतो आणि भांडी हलवतो. काढावं तर... काढावं तर काय, याचा विचार ती पूर्ण करत नसे.

मास्तरांच्या खोलीत, कापड बेतायच्या जुन्या लांबलचक टेबलावर आता कॉम्प्युटर होता. टेबलाच्या कडेला पितळी पट्टी अजून ठोकलेली होती. शूबाई आणि डॉक्टरही आले होते. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून ठेवला, म्हणजे बोलणं गंभीर होतं.

"लोकांना वाटेल हाच नवरा," डॉक्टर म्हणाला.

"नवरा भिंतीवर आहे. मिशीवाला. काका सफाचट," मास्तर म्हणाले.

"मग सासरा."

"सासरा येऊन पेला कशाला सरकवेल?"

"सासरे काहीही करतात," शूबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजात इतका अनुभव होता की पुढे कोणी वाद घातला नाही.

मास्तर तिच्याकडे वळले. "बाई, एक सांगू? पुसता येईल. आता मशीनमध्ये सगळी सोय आहे. रफू करतो तसंच. धागा धागा घेऊन मागची भिंत पुढे आणायची. कोणाला कळणार नाही इथे कोणी होतं म्हणून."

ती टेबलावरची पट्टी बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "करून बघा."

मास्तरांनी मनापासून काम केलं. पुन्हा सगळे जमले तेव्हा पडद्यावर हॉल होता, टेबल होतं, नायिका होती. काका नव्हते. जिथे ते उभे होते तिथे स्वच्छ भिंत होती. आणि त्या स्वच्छ भिंतीसमोर पेला आपला आपण उठला, हवेतून वर्तमानपत्राच्या पलीकडे गेला आणि हळूच खाली बसला. पाठोपाठ शाल जमिनीवरून उठून खुर्चीवर चढली.

"भुताचा सिनेमा झाला," शूबाई शेवटी म्हणाल्या.

"ते मी बघतो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पेलाही मूळ जागी ठेवून देतो. थांबा, तयार आहे तेही." त्यांनी दुसरी प्रत लावली. आता पेला हलला नाही. नायिकेने मात्र दोन्ही हात पुढे नेले आणि हवा घट्ट धरून ठेवली. पेला तिच्या हाताशेजारी, तिच्याकडे पाठ फिरवल्यासारखा, निवांत बसून होता.

डॉक्टरने तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलायला लागले.

"हसू नका," मास्तर म्हणाले. "आणि एक गोष्ट सांगायची राहिलीच. आदल्या दिवशीचा शॉट शेजारी लावून बघितला मी. पेला वर्तमानपत्राच्या उजवीकडेच होता. म्हणजे..." ते अडखळले. "म्हणजे काका आत गेले तेव्हा पेला बरोबर जागीच होता. त्यांनी तो चुकीच्या जागी नेऊन ठेवला."

आणि मग दिग्दर्शिका हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. आधी नाकातून, मग खोकल्यासारखं, मग टेबलावर डोकं ठेवून, पट्टीवर कपाळ टेकून, श्वास लागेपर्यंत. तिच्यामागोमाग सगळे. मास्तर तर टेपने डोळे पुसत होते. सगळा सिनेमाभर माणसाने उशीला, गुंडीला, ओरखड्याला सोडलं नाही, आणि शेवटी ज्या पेल्यासाठी जिवाचं रान केलं त्या पेल्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"पुसायचं का मग?" हसू ओसरल्यावर मास्तरांनी विचारलं. "थोडी मेहनत घेतली तर पेलाही जमवता येईल. तुम्ही सांगाल तसं."

आतासुद्धा तिच्या तोंडून तेच निघालं. "उद्या बघू."

घरी आई जेवणाची ताटं पुसत होती. तीन काढून एक परत ठेवून द्यायचं आताशा तिच्या अंगवळणी पडत होतं. पाठमोरीच म्हणाली, "तो शॉट मला दाखव."

"कुठला?"

"ह्यांनी घालवलेला. मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, पोरीचा शॉट मी मातीत घातला, पण ती बाई रडली काय गं! तेवढंच दोनदा सांगितलं आणि झोपले."

म्हणून मास्तरांच्या खोलीत आई आली. मास्तरांनी खुर्ची पुसून दिली, आणि न विचारता मूळ शॉट लावला, काकांसकट. आईने पर्स मांडीवर घट्ट धरून पाहिला. काका आले, वाकले, गुडघा वाजला.

"कॉलर बघ," आई म्हणाली. "सांगितलं होतं, तो शर्ट घालू नका, कॉलर गेली आहे. सिनेमात कोण बघतंय मला, म्हणाले."

काका चवड्यांवर निघून गेले. नायिकेने पेला धरला.

"परत लावा हो," आई मास्तरांना म्हणाली.

परत लावला. या वेळी आई पुढे सरकून बसली. संपल्यावर जरा वेळाने म्हणाली, "यात बिघडलं काय? घरी असंच करायचे की. मी आपली बसलेली असले की येणार, काहीतरी इकडचं तिकडे करणार, जाणार. मी मान वर करून बघायचेसुद्धा नाही. ही कुठे बघते आहे?" तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. "आता पेला जिथे ठेवते तिथेच असतो."

मास्तर खाकरले. "पण काकू, लोक विचारतील ना, हा माणूस कोण, मधेच का आला?"

"विचारू दे. लग्न झाल्यापासून मीही तेच विचारत होते."

सिनेमा पूर्ण झाला त्या दुपारी सगळे शेवटची प्रत बघायला मास्तरांच्या खोलीत दाटीवाटीने बसले. नायिका बारीक केसांनिशी आली होती, आणि डॉक्टरने तिच्या कवटीच्या आकाराची मनापासून स्तुती केली. आई आली होती, आणि मामालाही आणलं होतं. आपला फोटो बघून त्याला फार आनंद झाला; पुढे उदबत्तीच्या धुरासारखं काहीतरी दिसलं तेव्हा त्याने भाच्याकडे संशयाने पाहिलं.

मग तो शॉट आला. बाई टेबलाशी बसली. काका आत आले. गुडघा कडकन वाजला. शूबाईंनी सिनेमाभरातून खोकले, भांडी, कबुतरं, लिफ्ट, सगळं साफ पुसून काढलं होतं. गुडघा तेवढा होता तसा होता. पेला उठला, फिरला, चुकीच्या जागी बसला. शाल खुर्चीवर गेली. काका कोणालाही न दिसण्याची काळजी घेत बाहेर पडले. बाईने पेला धरला.

दिग्दर्शिकेचा हात वर गेला होता. केव्हा गेला तिला कळलं नव्हतं. तिने तो खाली घेतला, आणि ते बघून मास्तरांनी चित्र थांबवलं.

"कॅमेरा?" तिने विचारलं.

डॉक्टर दचकला. मग सरसावून बसला. "ओके."

"आवाज?"

"ओके," शूबाई म्हणाल्या. त्या खोलीत त्या इतक्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या.

"कंटिन्युइटी?"

डॉक्टरने न सांगताच सगळ्यांनी श्वास रोखला होता. आईने पर्सवरचा हात उचलून शेजारच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला.

थोडं थांबून मुलीनेच उत्तर दिलं. ते काय म्हणाले असते ते तिला शब्द न् शब्द पाठ होतं.

"हरकत आहे," ती म्हणाली. "उशी फुगलेली आहे. ती दिग्दर्शिकेने झटकली होती. पेला बरोबर जागी असताना हलवण्यात आला. एका इसमाच्या शर्टाची कॉलर गेलेली आहे, आणि तो घरात का शिरला याचा खुलासा सिनेमात कुठेही नाही."

नायिका हसली आणि हसता हसता थांबली. सगळे निकालासाठी तिच्याकडे बघत होते, त्या दिवशी बघत होते तसेच.

"हरकत ऐकली," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा वर गेला, जिन्यात जाऊन ओरडावं तसा, पण ती जागची उठली नाही. "शॉट ओके आहे, बाबा."